कार्बन पदचिन्ह : आपल्या घराचा हिशेब

आपल्या दैनंदिन व्यवहारांमुळे वातावरणात मिसळणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण भारास ‘कार्बन पदचिन्ह’ म्हणतात. आपण त्याचा अंदाज घरातील बिलांवरून बांधू शकतो. भारतात वीज मुख्यत्वे कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर पेट्रोलमागे हे प्रमाण सुमारे २.३ किलो, तर १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो असते. म्हणजेच दरमहा १५० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाचा केवळ विजेचा भार दोन सिलिंडरांहून अधिक होतो! म्हणून काटकसरीचा आरंभ विजेपासून व्हावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवणे, खाण्यापुरतेच शिजवणे अशा लहान कृतींचे मोल सांगितले. पुढील बिल हाती येताच त्यातील युनिटांना ०.७ ने गुणून आपण आपला भार मोजू या आणि तो दरमहा थोडा उतरवू या.