इंग्रजी व्याकरणातील काळ आणि अनौपचारिक तीव्रतादर्शके

क्रिया केव्हा घडते हे क्रियापदाच्या रूपावरून दाखवणाऱ्या व्याकरणिक कोटीस काळ म्हणतात. विशेषण, क्रियाविशेषण किंवा क्रियापद यांच्या अर्थाला जोर देणाऱ्या शब्दास तीव्रतादर्शक म्हणतात. हे दोन्ही घटक मराठीतही आहेत. मात्र त्यांची व्यवस्था इंग्रजीहून वेगळी असल्याने शब्दशः भाषांतरात चुका होतात.

काळांचे प्रकार

शालेय व्याकरणात दोन्ही भाषांत वर्तमान, भूत व भविष्य या तीन काळांचे प्रत्येकी चार उपप्रकार मानतात. मराठीत ते साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे आहेत. इंग्रजीत चौथ्या स्थानी रीतीऐवजी चालू पूर्ण काळ येतो. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते रूपदृष्ट्या इंग्रजीत भूत आणि भूतेतर असे दोनच काळ आहेत. भविष्यासाठी 'विल' यांसारखी साहाय्यक क्रियापदे वापरली जातात.

मराठी भाषकांच्या नेहमीच्या चुका

* 'टेंभी नाक्याची देवी मी गेल्या वर्षी पाहिली आहे' हे मराठी वाक्य शुद्ध आहे. इंग्रजीत 'गेल्या वर्षी', 'काल' असा संपलेला काळ सांगितल्यावर पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही; 'हॅव सीन'ऐवजी 'सॉ' हे साध्या भूतकाळाचे रूप येते.
* 'मी ठाण्यात दहा वर्षे राहतो आहे' येथे मराठीत वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' अशी रचना लागते. कालावधीपूर्वी 'फॉर' आणि आरंभबिंदूपूर्वी 'सिन्स' येतो.
* 'यूज्ड टू' ही रचना 'जात असे' यासारखी भूतकाळातील सवय दाखवते. आजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ वापरतात.

अनौपचारिक तीव्रतादर्शके

'व्हेरी' हा शब्द सर्वत्र चालतो. 'सो', 'रिअली', 'टोटली', 'सुपर' हे जोर देण्यासाठी बोलण्यात अधिक आढळतात. निबंधात व अर्जात ते जपून वापरावेत. 'प्रिटी गुड' म्हणजे बहुधा 'अतिशय चांगले' नव्हे, तर 'बऱ्यापैकी चांगले'. 'टू' हा शब्द सामान्यतः अतिरेक दाखवतो: 'द टी इज टू हॉट' म्हणजे चहा पिता येणार नाही इतका गरम. 'फ्रीझिंग'सारख्या विशेषणात तीव्रता आधीच असल्याने त्यापूर्वी 'व्हेरी'ऐवजी 'ॲब्सोल्यूटली' शोभते.

'टेरिब्ली' व 'ऑफुली' या शब्दांचा मूळ संबंध भीतीशी आहे. आज ते केवळ 'फार' या अर्थानेही येतात. मराठीत 'भयंकर सुंदर' या प्रयोगात 'भयंकर'चे तसेच झाले आहे. बोलीतील 'लई', मुंबई-ठाणे परिसरातील 'जाम' हेही अनौपचारिक तीव्रतादर्शक होत. शिवाय 'हिरवागार', 'काळाकुट्ट', 'पांढराशुभ्र' अशा जोडशब्दांत प्रत्येक रंगाचा जोर देणारा शब्द ठरलेला असतो. 'व्हेरी'सारख्या एकाच शब्दाने ती छटा इंग्रजीत उतरत नाही.

काळ आणि तीव्रता यांचा संबंध

मराठीत क्रियेवर भर देण्यासाठी 'च' हे अव्यय जोडतात: 'मी गेलोच होतो'. इंग्रजीत हे काम 'डू' हे साहाय्यक क्रियापद करते आणि काळही तेच दाखवते: 'आय डिड गो'. त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. 'डिड वेंट' ही रचना अशुद्ध ठरते. चालू वर्तमानकाळात 'ऑलवेज' आल्यास सातत्याबरोबर बहुधा वैतागही व्यक्त होतो: 'ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग', म्हणजे 'तो सारखा तक्रारीच करत असतो'.