ऑस्ट्रॅकोडा व दख्खनचे प्राचीन जलाशय
ऑस्ट्रॅकोडा हे क्रस्टेशिया वर्गातील सूक्ष्म प्राणी असून बहुतेकांची लांबी १ मिमी.च्या आसपास असते. गोड्या, मचूळ व खाऱ्या पाण्यांतील जाती भिन्न असल्याने गाळात टिकलेल्या त्यांच्या द्विपुट कवचांवरून प्राचीन जलाशयाचे स्वरूप ठरविता येते. कवचे प्रवाहाबरोबर वाहूनही येतात; म्हणून पिले व प्रौढ यांची कवचे एकत्र आढळणे महत्त्वाचे मानतात.

दख्खनच्या लाव्हा थरांमधील गाळात (अंतरा-ट्रॅपी थरांत) मॅल्कमसन यांना मिळालेल्या अशा जीवाश्मांचे वर्णन सॉवर्बी यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केले. बहुसंख्य ठिकाणी गोड्या पाण्यातील जाती आढळल्या. यावरून दोन उद्रेकांदरम्यान तेथे तळी निर्माण होऊन जीवसृष्टी पुन्हा रुजत असे, हे स्पष्ट होते. मध्य प्रदेशातील झिलमिली येथे मात्र मचूळ पाण्यातील जातींबरोबर सागरी फोरॅमिनीफेरा आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे आज समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशाचा तेव्हा सागराशी संबंध असल्याचे सूचित होते.