समुद्रातला बांध कोणी घातला?

शेताच्या बांधावरून होणारी भांडणं आपण गावोगावी बघतो. तिथं बांध डोळ्यांना दिसतो, तरी भांडण होतं. मग समुद्रात, जिथं नुसतं पाणीच पाणी, तिथली मासळी कोणाची हे कसं ठरलं? आज तो इतिहास ऐकू या.

पूर्वी किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाचं, असा बऱ्याच देशांचा रिवाज होता. तोफेचा गोळा जाईल तिथवर मालकी, असा त्यामागचा विचार. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. त्यापुढचा समुद्र सगळ्यांना मोकळा. पण मोकळा असला तरी तिथं पोचणार कोण? ज्याच्याकडे मोठी जहाजं, तोच. गरीब देशांच्या दारातली मासळी श्रीमंत देश ओढून नेत होते.

१९५२ मध्ये चिली, पेरू आणि इक्वेडोर या तीन देशांनी एकत्र येऊन २०० मैलांवर हक्क सांगितला. उत्तरेकडचा आइसलँड हा छोटा देशही असाच उभा राहिला. त्याचा सगळा आधार मासळीवर. त्यानं आपली हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैल केली. ब्रिटननं आपल्या ट्रॉलरच्या राखणीला लढाऊ जहाजं पाठवली. आइसलँडकडे सैन्यच नव्हतं, तटरक्षकांच्या मोजक्या बोटी होत्या. त्यांनी ट्रॉलरच्या जाळ्यांचे तारदोर कापायला सुरुवात केली. शेवटी जून १९७६ मध्ये ब्रिटननं समझोता केला. मात्र हलसारख्या ब्रिटिश बंदरातल्या कितीतरी कामगारांचा रोजगार त्यात बुडाला.

सगळ्या जगासाठी एकच नियम हवा म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं डिसेंबर १९७३ मध्ये न्यूयॉर्कला परिषद सुरू केली. दीडशेहून जास्त देश आले. लगेच हात वर करून मतदान नको, आधी सगळ्यांची संमती मिळवू, असं ठरलं. आपल्या गटात कर्ज कोणाला द्यायचं यावर किती वेळ जातो, ते आठवा! त्यांना ९ वर्षं लागली. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैका देशात सह्या झाल्या. किनाऱ्यापासून १२ मैल पूर्ण हद्द आणि २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर पहिला हक्क त्या देशाचा, हे नक्की झालं. भारतानं असा कायदा १९७६ मध्येच केला होता. १९९५ मध्ये या जागतिक करारालाही मान्यता दिली.

पण दोन शेजाऱ्यांचे पट्टे एकमेकांवर येत असतील तर? तिथं दोघांनी बसून रेषा ठरवायची. श्रीलंकेबरोबर भारतानं १९७४ आणि १९७६ मध्ये ती ठरवली. पाकिस्तानबरोबर अजून ठरलेली नाही. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीत सीमा पाण्याच्या मध्यातून धरायची की पूर्वेकडच्या काठावरून, यावर वाद अडला आहे.

त्याची झळ आपल्यापर्यंत येते. डहाणू, तलासरीकडची माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट पलीकडे गेली की पकडली जाते. तिकडचे मच्छीमारही आपल्याकडे असेच अडकतात. जागतिक कायद्याचं कलम ७३ सांगतं, की २०० मैलांच्या पट्ट्यात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, देशादेशांत वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये. तरी विनापरवाना देशात शिरल्याचा गुन्हा लागतो आणि घरची बाई वर्षानुवर्षं वाट बघत राहते.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. माणूस आपल्याच देशाचा आहे याची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही. म्हणून घरचा माणूस बोटीवर जाण्याआधी त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, बोटीचा नंबर आणि मालकाचा फोन घरात लिहून ठेवा. असं घर तुमच्या गटात असेल, तर अर्ज करायला तिला एकटीला पाठवू नका, गटानं सोबत जा.

छोट्या देशांनी एकत्र येऊन जगाचा रिवाज बदलला. शेवटची रेषाही कधीतरी बोलूनच ठरेल. तोवर त्या घरांची चौकशी आपण करत राहू. भेटू पुढच्या भागात.