माळव्याची अफू व दमणची चोरवाट

मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार बंद पाडण्यासाठीं राष्ट्रांनीं मिळून केलेल्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा इ. स. १९०९ च्या शांघाय येथील परिषदेपासून सांगण्यांत येतो. तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधि तेथें जमले होते, हें खरें. परंतु त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें, परमुलखांतून वाहणारी अफू अडविण्याचा मोठा खटाटोप शिंदे-होळकरांच्या माळव्यांत झाला. तो कां फसला हें पाहिल्यावांचून पुढील करारांचें मर्म कळावयाचें नाहीं.

(‘अहिफेन’ म्हणजे सर्पाचा फेस, ही व्युत्पत्ति मागाहूनची. मूळ शब्द अरबी ‘अफ्यून’. आमच्या पंडितांनीं त्यास सोंवळें नेसविलें, इतकेंच.)

बंगाल्यांतील अफूचा मक्ता इ. स. १७७३ पासून कंपनीकडे होता. कंपनी आपला माल कलकत्त्यास लिलांवानें विकी. तो चीनमध्यें चोरून नेण्याचें काम खासगी व्यापाऱ्यांचें. तेथें इ. स. १७२९ पासून या विक्रयास बंदी होती, हें कंपनीस ठाऊक नव्हतें असें नाहीं. माळव्याची अफू मात्र तिच्या मक्त्याबाहेरची. ती चीनमध्यें उतरली कीं बंगाली मालाचा भाव पडे. म्हणून मुंबई बंदर तिला बंद केलें. तेव्हां माल पोर्तुगीजांच्या दमणास जाऊन तेथून मकावला जाऊं लागला.

इ. स. १८१८ नंतर माळव्यांत इंग्रजांचा शब्द चालूं लागला. तरी गुंता सुटला नाहीं. प्रथम कंपनीनें स्वतःच माल विकत घेऊन पाहिला. त्यामुळें लागवड उलट वाढली. नंतर होळकरादि संस्थानिकांशीं करार करून नाकेबंदी केली. साहुकारांनीं उंटांचे तांडे मारवाडांतील पालीहून जेसलमेरकडे वळविले. पुढें कराची, आणि तेथून समुद्रमार्गें पुनः दमण! एवढा वळसा घालूनहि व्यापार परवडत होता. इ. स. १८३० त कंपनीनें हात टेकले, आणि पेटीमागें १७५ रुपये भरील त्यास मुंबईचा परवाना देण्याचें ठरविलें. तोहि दर जड झाला, इ. स. १८३५ त तो १२५ वर आणावा लागला. इ. स. १८४३ त सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बुजली. त्याच वर्षीं दर २००, इ. स. १८४५ त ३००, इ. स. १८४७ त ४००! सिंध अफूसाठीं जिंकला असें आम्ही म्हणत नाहीं. पण हे आंकडे बोलके आहेत.

या परवान्यांत कर भरला कीं नाहीं एवढेंच पाहत. माल घेणाऱ्या राज्याची संमति कोणी विचारीत नसे. इ. स. १८३९ त लिन झेशू यानें वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्याचें उत्तर युद्धानें मिळालें. आयात करणाऱ्या सरकारचें अनुमतिपत्र असल्यावांचून माल सोडूं नये, हा नियम इ. स. १९२५ च्या जिनीव्हा करारांत आला. इ. स. १९३६ च्या करारानें चोरट्या व्यापाऱ्यांस शासन करण्याचें बंधन राष्ट्रांनीं पत्करलें, इ. स. १९८८ च्या व्हिएन्ना करारानें तें आणखी आवळलें.

सरकारी कागदांत पकडलेल्या मालाची नोंद मिळते. निसटलेल्या मालाची साहुकारांच्या वह्यांतच असावयाची. उंटांचें भाडें, विमा, हुंड्या हीं कलमें त्यांतच सांपडतील. अशा वह्या वाण्याच्या पुड्यांसाठीं फाडतांना आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. ज्या संग्राहकांकडे माळव्यांतील जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनीं पाली, जेसलमेर व दमण हीं नांवें त्यांत आहेत कीं काय, एवढें पाहून आम्हांस कळवावें.