शुगरची तपासणी किती दिवसांनी करायची? गोळी सुरू असो वा नसो, हे वेळापत्रक लक्षात ठेवा

"मला काही त्रासच नाही, मग सुई कशाला टोचून घ्यायची?" हे वाक्य गावात सगळीकडे ऐकायला मिळते. पण मधुमेह म्हणजे शुगर हा आजार सुरुवातीला दुखत नाही. तो आतल्या आत डोळे, किडनी आणि पायाच्या नसा खराब करतो. त्रास जाणवेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून तपासणी त्रास बघून नाही, तारीख बघून करायची.

शुगर नाही, पण वय ३० च्या पुढे आहे

वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. आशाताई ३० वर्षांवरील माणसांचा फॉर्म भरतात, तो टाळू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर लगेच शुगर कळते. ती १४० च्या वर आली तर घाबरू नका, पण उपाशीपोटीची तपासणी नक्की करा.

आई-वडिलांना शुगर असेल, पोटाचा घेर वाढला असेल (पुरुष ९० सेंटीमीटर, महिला ८० सेंटीमीटरच्या वर) किंवा बीपी असेल, तर वर्षाची तपासणी चुकवूच नका. खूप तहान लागणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, वजन उतरणे, जखम लवकर न भरणे असे काही दिसले तर वर्ष व्हायची वाट न बघता लगेच तपासा.

आकडे कसे वाचायचे?

- उपाशीपोटी: १०० च्या आत चांगली. १०० ते १२५ म्हणजे काठावरची. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी): ५.७ च्या आत चांगली. ५.७ ते ६.४ काठावरची. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

लक्षणे नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, डॉक्टर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. काठावर असलेल्यांनी दरवर्षी तपासावे. चालणे आणि वजन कमी करणे यामुळे इथूनच मागे फिरता येते.

गोळ्या सुरू आहेत त्यांच्यासाठी

- उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर: डॉक्टर सांगतील तशी, साधारण एक ते तीन महिन्यांनी. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असते. वय जास्त असेल तर डॉक्टर थोडी सूट देतात.
- एचबीए१सी: शुगर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा. आटोक्यात नसेल किंवा औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी. साधारण ७ च्या आत ठेवायची.
- किडनी: रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा.
- चरबी म्हणजे कोलेस्टेरॉल: वर्षातून एकदा.
- डोळ्यांचा पडदा: वर्षातून एकदा. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असे होत नाही.
- पाय: डॉक्टर वर्षातून एकदा तरी तपासतील. घरी मात्र रोज रात्री तळवे बघा. शेतात काटा रुतला तरी कळत नसेल, तर नसा बधिर झाल्याचे ते लक्षण आहे.

इन्शुलिन घेणाऱ्यांना घरच्या मशीनवर रोज, कधी दिवसातून अनेक वेळा तपासावे लागते. हात धुऊन, पुसून मगच थेंब घ्या. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. पट्टीची मुदतही बघा.

गरोदर महिला

पहिल्याच तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात. १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात. बाळंतपणानंतर ही शुगर बहुतेकींची उतरते, पण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची आणि पुढेही दरवर्षी. पुढे मधुमेह होण्याचा धोका या बहिणींना जास्त असतो.

रिपोर्ट कधी फसवतो?

सिकलसेल असेल, रक्त कमी असेल किंवा नुकतीच रक्ताची पिशवी चढवली असेल, तर एचबीए१सी चुकीची येऊ शकते. ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगा. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या तपासणीवर भर देतात.

या चुका टाळा

- उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही नाही. चहाही नाही. साधे पाणी चालते.
- जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. त्या दिवशीही रोजचेच जेवण आणि रोजचीच गोळी घ्यायची.
- तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून उपयोग नाही. तीन महिन्यांची सरासरी सगळे सांगून टाकते.
- रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असू शकतो.
- एकादशी, नवरात्राचा उपवास धरण्याआधी गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, चक्कर आली तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन जवळ नसेल तर आधी साखर घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी

गाव सोडण्याआधी तपासणी करून घ्या, गोळ्या मागून घ्या आणि परत आल्यावर पुन्हा तपासा. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नव्या डॉक्टरांना तेवढ्यावरून सगळे कळते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगरची साधी तपासणी मोफत होते. एचबीए१सी तिथे होत नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. पुढच्या तपासणीची तारीख आजच घरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधात बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)