ठोका केव्हा पडतो?

मोटार चढाला लागली आणि गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबला, की कधी कधी इंजिनातून पत्र्यावर हातोडी आपटावी तसा टणटण आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन नॉक करतंय.' पण झिजलेल्या बेअरिंगच्या जड ठोक्यालाही तो हाच शब्द वापरतो. बेअरिंगची परीक्षा जुनी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करायची. जिथे ठोका मंदावेल तिथले बेअरिंग संशयित. (आजच्या गाड्यांवर हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करू नये, विजेचा जबर धक्का बसतो.) चढावरच्या टणटणीचे मात्र तसे नाही. इंजिन खोलून पाहिले तरी काहीच सैल सापडत नाही. मग आपटते ते काय?

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारींसाठी चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर आणि बॅटरीवरची प्रज्वलन व्यवस्था तयार केली. इंजिने ठोके देऊ लागली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी खापर या नव्या प्रज्वलनावर फोडले. सर्वसाधारण समज असा होता, की सिलिंडरमधली तापून लाल झालेली काजळी मिश्रणाला ठिणगीच्या आधीच पेटवते. म्हणजे वादाचा निकाल एका साध्या प्रश्नावर लागणार होता: ठोका ठिणगीच्या आधी पडतो की नंतर? कानाला हे कळणे शक्य नाही. मिनिटाला १००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा अवघ्या ६० मिलिसेकंदांत संपतो.

१९१६ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन येथे केटरिंग यांच्याकडे थॉमस मिजली हा तरुण यंत्र-अभियंता आला. रॉकेलवर चालणारे घरगुती वीजसंच तेव्हा फार ठोके देत. मिजली यांनी सिलिंडरमधल्या दाबाने हलणारा एक चिमुकला आरसा वापरला. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या फिल्मवर दाबाचा आलेख काढी. आलेखात दाब ठिणगीनंतर नेहमीसारखा चढत होता, आणि मग एकाएकी सुळक्यासारखा उसळत होता. ठोका नंतरचा होता! काजळी आणि बॅटरी, दोघीही निर्दोष सुटल्या. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकताना उरलेल्या मिश्रणाला दाबत जाते. ते तापून आपणहून, एकदम पेटते, आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. १९३० च्या दशकात सिलिंडरला काचेसारखी खिडकी बसवून याची छायाचित्रेही घेतली गेली. तर दोष इंधनात होता.

पुढचा भाग आम्हाला विशेष मौजेचा वाटतो. बर्फाखालीही लवकर फुलणाऱ्या एका झुडपाची पाने तांबूस असतात. त्यावरून केटरिंग आणि मिजली यांनी तर्क केला, की इंधन लाल केले तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. ठोके थांबले! मग खरे लाल रंग आणून पाहिले. काही उपयोग नाही. उलट रंगहीन एथिल आयोडाइड चालले. कल्पना साफ चुकीची होती, पण तिने रसायनाचे दार उघडून दिले. अॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम (याची दुर्गंधी कपड्यांतूनही जाईना) असे करत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडले. गॅलनला सुमारे ३ मिलिलिटर पुरे. स्वयंज्वलनाकडे नेणारी अभिक्रियांची साखळी शिशाच्या संयुगामुळे तुटते.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणालाही नवे नव्हते. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे मिजली यांनीच पाहिले होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि ते कोणीही बनवू शकत होते. शिशाचे थेंबभर द्रव्य मात्र एकाच कंपनीच्या हाती राहणार होते. ही निवड विज्ञानाने केली असे आम्हाला म्हणवत नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य बनवणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्याच महिन्यात पत्रकारांसमोर मिजली यांनी ते आपल्या हातांवर ओतून दाखवले. आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे त्यांना स्वतःला विश्रांती घ्यावी लागली होती. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात.

आता ऑक्टेन-अंक वाढवण्यासाठी इंधनशुद्धीतच फांद्या असलेले आणि वलयी हायड्रोकार्बन रेणू तयार करतात, आणि आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलही मिसळतात. त्यातूनही ठोका पडलाच तर इंजिनावर बसवलेला दाबविद्युत स्फटिक तो टिपतो. हा स्फटिक सतत ऐकत नाही. झडपांची आणि बेअरिंगची खटखट वगळावी म्हणून संगणक त्याचे म्हणणे ठिणगीनंतरच्या ठरावीक काही अंशांपुरतेच विचारात घेतो, आणि ठोका आढळला की पुढची ठिणगी थोडी उशिरा टाकतो.