बंडलाची बखर

बंडल या शब्दाचे आपल्याकडे तीन अर्थ. दुकानात विड्यांचे बंडल, आमच्या कार्यालयात फायलींचे बंडल आणि कट्ट्यावर कोणी मारतो ते बंडल, म्हणजे थाप. चौथा अर्थ मला भाच्याने शिकवला. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘स्विच २’ हे गेम खेळायचे यंत्र अमेरिकेत बाजारात आले. नुसते यंत्र ४५० डॉलरना, आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा गेम जोडून घेतला तर ५००. तोच गेम सुटा घ्यायचा तर ८० डॉलर. म्हणजे बंडलात ३० डॉलर वाचतात, असा त्याचा हिशेब. कारकुनाच्या नजरेने पाहिले तर ज्याला तो गेम नकोच आहे त्याचे ५० डॉलर जातात, हाही हिशेबच. पण ते असो. एवढ्या चर्चेनंतर मी या हातातल्या गेमांच्या इतिहासात शिरलो, आणि शिरलो तो थेट आपल्या जुन्या गोव्यापाशी पोचलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

निन्टेन्डोची स्थापना १८८९ ची. त्या साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते करण्याचा धंदा सुरू केला. ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिन्यांची बारा झाडेफुले, प्रत्येकाचे चार, एकूण ४८ पाने. आता ही ४८ ची संख्या कुठली? सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशी जपानला पोचले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पत्तेही पोचले, ते ४८ पानांचेच होते. पत्त्याला जपानी भाषेत आजही ‘कारुता’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘कार्ता’. पुढे जपानी राज्यकर्त्यांनी परदेशी वळणाच्या पत्त्यांवर बंदी घातली, लोकांनी चित्रे बदलली, पुन्हा बंदी आली, पुन्हा चित्रे बदलली. त्या लपाछपीतून शेवटी आकडे नसलेले हे फुलांचे पत्ते जन्मले.

जपानकडे जाणारी पोर्तुगीज गलबते गोव्यातून निघत, मकावमार्गे नागासाकीला पोचत. फ्रान्सिस झेवियरसुद्धा १५४९ साली गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरला. तेव्हा त्या पत्त्यांच्या वाटेवर मांडवीचे पाणी आहे असे म्हटले तर फार मोठे बंडल मारले असे होऊ नये! आणखी एक गंमत. शर्टाच्या बटनाला आपण कोंकणीत ‘बुतांव’ म्हणतो, पोर्तुगीज ‘बोतांव’वरून. जपानी माणूस त्यालाच ‘बोतान’ म्हणतो, आणि गेमच्या यंत्रावर जी कळ दाबायची तीही बोतानच. पावाचेही तसेच, ते ‘पान’ म्हणतात, आपण पाव. (आपल्या शेजारच्या सावंतवाडीची गंजिफा मात्र वेगळ्या घराण्याची, इराणकडून आलेली. दशावताराच्या १२० गोल पानांचा तो खेळ. त्यावर पुन्हा कधीतरी.)

तर या पत्त्यांच्या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला तरुण नोकरीला लागला. काम यंत्रांच्या देखभालीचे. रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी लांब होणारा एक हात बनवला, कात्रीसारखा दाबला की पुढे जाऊन वस्तू पकडणारा. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. आपल्याकडे अशा वेळी मेमो हातात पडला असता. यामाउचींनी त्याला तीच वस्तू विकायला तयार करायला सांगितले. १९६६ चा हा ‘अल्ट्रा हॅन्ड’ दहा लाखांच्या वर खपला आणि देखभालवाला योकोई खेळणी तयार करणारा झाला.

योकोईचे एक सूत्र होते आणि माझ्या मते हातातल्या गेमांचा अर्धा इतिहास त्या एका सूत्रात आहे. अगदी नवे, महागडे तंत्र वापरायचे नाही. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यायचे आणि त्याला कोणी लावले नसेल अशा कामाला लावायचे. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्याने पाहिला. कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा मातीमोल झाले होते. त्यातून १९८० साली खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ निघाला. १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्याने चार दिशांची फुलीसारखी कळ बसवली. आज जगातल्या बहुतेक गेमयंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली ती फुली असते.

मग आला १९८९. एप्रिलच्या २१ तारखेला जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीला आला, किंमत १२,५०० येन. हिरवट पडदा, राखाडी ठोकळा, रंगाच्या नावाने चार छटा, आणि पडद्यामागे दिवा नसल्याने अंधारात खेळता येत नसे. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीने ‘लिंक्स’ आणला. रंगीत, दिव्याचा, सगळ्या बाबतींत सरस. पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. कागदावर पाहिले तर गेम बॉयचे डिपॉझिट जप्त व्हायला हवे होते. पण लिंक्स १८० डॉलरला आणि गेम बॉय ९० ला. लिंक्स नि गेम गिअरला सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत मान टाकत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास आरामात चाले. सेलचा खर्च बापाच्या खिशातून जातो हे योकोईला बरोबर ठाऊक होते.

पण नुसत्या स्वस्ताईने यंत्र घराघरात जात नाही. अमेरिकेत ज्या खोक्यातून गेम बॉय विकला गेला त्या खोक्यात काय होते ते पाहा: यंत्र, कानात घालायची तार, चार सेल, दोन यंत्रे एकमेकांना जोडायची केबल आणि ‘टेट्रिस’ची कॅसेट. इतिहासातले हे सगळ्यात यशस्वी बंडल असावे. वास्तविक कंपनीच्या घरचा मारिओ तयार होता. ‘सुपर मारिओ लँड’ जपानमध्ये गेम बॉयबरोबर त्याच दिवशी आला होता. तरी खोक्यात गेला तो मॉस्कोतल्या एका सरकारी नोकराने केलेला, वरून पडणाऱ्या चौकटींचा खेळ! तो तिथे कसा पोचला ही हकिगत आम्हा फायलीवाल्यांनी तरी मुळातून वाचावी अशी आहे.

अलेक्सेई पाजितनोव सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात कामाला होता. १९८४ साली ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर त्याने टेट्रिस केला. त्या यंत्रावर चित्रे काढायचीही सोय नव्हती, चौकटी कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या. खेळ हातोहात पसरला, हंगेरीत पोचला, तिथे तो रॉबर्ट स्टाइन या लंडनच्या दलालाने पाहिला. त्याने पत्रव्यवहार सुरू केला आणि करारावर सही व्हायच्या आधीच हक्क पुढे विकून टाकले. घेणाऱ्यांनी ते आणखी पुढे विकले. मधल्या मध्ये कोणाकडे नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येईना. आपल्याकडच्या कोमुनिदादच्या जमिनींची प्रकरणे हाताळलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

१९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स हा जपानमध्ये धंदा करणारा डच माणूस प्रवासी व्हिसावर मॉस्कोत उतरला. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना त्याने पटवले होते की, मारिओ घातलात तर यंत्र पोरे घेतील, टेट्रिस घातलात तर सगळे घेतील. आता त्याला हातातल्या यंत्राचे हक्क हवे होते. तो ‘एलोर्ग’ या सरकारी खात्याच्या दारात न बोलावता जाऊन उभा राहिला. त्याच आठवड्यात स्टाइनही मॉस्कोत होता आणि ब्रिटिश वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेलचा मुलगा केविनही. तिघांना वेगवेगळ्या वेळी बोलावणारा अधिकारी होता निकोलाय बेलिकोव. रॉजर्सने त्याला जपानमध्ये विकली जाणारी टेट्रिसची कॅसेट मोठ्या कौतुकाने दाखवली, तेव्हा बेलिकोव चाटच पडला. टीव्हीवरच्या गेमयंत्रांचे हक्क आपण कोणाला दिलेच नाहीत, मग ही कॅसेट आली कुठून?

इथे बेलिकोवने जे केले त्याला मी मनापासून नमस्कार करतो. त्याने स्टाइनपुढे सुधारित करार ठेवला. त्यात पैसे उशिरा भरल्यास जबर दंडाचे कलम होते. स्टाइन त्या दंडावरच घासाघीस करत बसला. त्याच करारात ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या एका ओळीत घातली होती: प्रोसेसर, पडदा, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम असलेले यंत्र. बस्स. स्टाइनने सही केली आणि गेमयंत्रे त्याच्या हक्कातून बाहेर पडली. व्याख्येचे कलम वाचायचा कंटाळा करू नये असे आमचे एक जुने हेडक्लार्क सांगत. स्टाइनला कोणी तसा भेटला नाही.

हातातल्या यंत्राचे हक्क रॉजर्सला मिळाले, मार्चमध्ये टीव्हीवरच्या यंत्रांचे हक्क निन्टेन्डोला. थोरल्या मॅक्सवेलने थेट गोर्बाचेवपर्यंत तक्रार नेली, अमेरिकेत कोर्टकज्जा झाला, पण बेलिकोवची ती ओळ टिकली. गेम बॉयच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती गेल्या. माझे मत विचाराल तर यंत्र आणि खेळ एकमेकांसाठीच जन्मले होते. गेम बॉयच्या पडद्यावर काही वेगाने सरकले की पुसट होई, टेट्रिसच्या चौकटी सावकाश उतरत. रंग लागत नव्हता, भाषा लागत नव्हती, आजीलाही शिकवावे लागत नव्हते. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव या रशियन अंतराळवीराने आपला गेम बॉय आणि टेट्रिस ‘मीर’ स्थानकावर नेला होता.

आणि पाजितनोवला काय मिळाले? बराच काळ काहीच नाही. हक्क त्याने दहा वर्षांसाठी सरकारला दिले होते. १९९१ मध्ये तो अमेरिकेला गेला, आणि १९९६ मध्ये हक्क परत मिळाल्यावर रॉजर्सबरोबर त्याने ‘टेट्रिस कंपनी’ काढली, तेव्हा कुठे त्याच्या हाती पैसा येऊ लागला.

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळ्या वाटेने आली. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यावर खरा गेम बॉय एकाच घरात होता. त्या मुलाचे वडील बोटीवर, त्यांनी आणलेला. बाकी आम्हा सगळ्यांच्या हाती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला चिनी ‘ब्रिक गेम’. वर छापलेले असे ‘९९९९ इन १’, आत खेळ मोजून दहा-बारा, उरलेले वेगाचे फरक. हे बंडल मात्र दोन्ही अर्थांनी! पण मुख्य खेळ टेट्रिसच होता, आणि त्यात मॉस्को, दलाल, कोर्ट यांतले काही आहे हे आम्हाला कुठे माहीत. आम्ही त्याला ‘विटा’ म्हणायचो. एकच यंत्र चार घरांत फिरे आणि सेल ज्याच्याकडे गेम त्याचे.

खोक्यातल्या त्या केबलची कथा अजून राहिलीच. सातोशी ताजिरी या लहानपणी किडे गोळा करणाऱ्या माणसाला ती केबल पाहून वाटले, हिच्यातून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत गेला तर? त्यातून सहा वर्षांच्या खटपटीनंतर १९९६ च्या फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’ आला. मुद्दाम दोन आवृत्त्या, लाल आणि हिरवी, प्रत्येकीत काही प्राणी नाहीत, म्हणजे मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय संच पुरा होत नाही. सात वर्षांचे म्हातारे यंत्र पुन्हा तरुण झाले. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून अखेर ११ कोटी ८६ लाखांवर गेले.

योकोईने हे पुरते पाहिले नाही. १९९५ चे त्याचे ‘व्हर्च्युअल बॉय’ साफ पडले, १९९६ मध्ये त्याने कंपनी सोडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला, वय ५६. बान्दाइ कंपनीसाठी त्याने आखलेला ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये आला. एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांच्या वर चालणारा! त्याच्याबरोबर निघालेल्या एका कोड्याच्या खेळाचे नाव ‘गुनपेई’ ठेवले होते.

त्यानंतरची बंडले मी भराभर चाळली. सोनीने २००५ मध्ये अमेरिकेत पीएसपी आणला तेव्हा पहिल्या दहा लाख खोक्यांत ‘स्पायडरमॅन २’ हा सिनेमा घातला. गेमच्या यंत्रात सिनेमा का, तर यंत्राला गाणी-सिनेमा सगळेच यायला हवे होते. २०११ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोचा ३डीएस अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १७० वर उतरला. आधी घेऊन बसलेल्यांचे रडे थांबवायला वीस जुने गेम फुकट दिले. ‘किड इकारस’ या गेमबरोबर यंत्र ठेवायचा प्लास्टिकचा स्टँड आला, कारण तो हातात धरून खेळताना मनगटे भरून येत. हे त्यातल्या त्यात प्रामाणिक बंडल.

येऊ घातलेल्या गेमांचे आश्वासन हेही बंडलच म्हणायचे, कारण यंत्र घेताना त्याचीही किंमत आपण मनात मोजतो. ‘मेट्रॉइड प्राइम ४’ची घोषणा स्विचसाठी २०१७ च्या जूनमध्ये झाली. २०१९ मध्ये काम पहिल्यापासून सुरू करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. गेम आला डिसेंबर २०२५ मध्ये, तोवर स्विच २ ही बाजारात येऊन सहा महिने झाले होते. त्या एका गेमच्या भरवशावर २०१७ मध्ये यंत्र घेतलेला दहावीतला मुलगा तोवर पदवीधर झाला असेल.

भाच्याने दाखवलेल्या बंडलाच्या खोक्यात मारिओ कार्टची कॅसेटही नव्हती. एका क्रमांकावर गेम उतरवून घ्यायचा, तो ज्याच्या खात्यात उतरला त्याचा. १९८९ ची टेट्रिसची कॅसेट शेजाऱ्याला देता येई, विकता येई, भांडण झाले की परत मागता येई. हा फरक मी भाच्याला सांगितला. तो म्हणाला, “मामा, पण आता कोण कोणाकडे मागतो?”